दाढदुखीची रात्र : गिरणगावातल्या झोपेचा एक इतिहास

आजचा विषय जाहीर केल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की दाढदुखीला कसला आलाय इतिहास? लढायांना असतो, संपांना असतो, गणेशोत्सवाला असतो. दाढ काय, ती आपली दुखते. प्रश्न रास्त आहे. पण एक गोष्ट बघा. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतल्या माणसांनी शे-सव्वाशे वर्षांत पोटदुखी, ताप, खोकला यांबद्दल जे केलं, ते दिवसाउजेडी केलं. दाढेसाठी जे केलं ते रात्री केलं. आणि रात्री माणूस जे करतो, ते दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय म्हणून करतो. तेव्हा आज आपण दाताचा इतिहास बघणार नाही, झोपेचा बघणार आहोत.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. दाढ रात्रीच का जास्त ठणकते? दाताच्या आत मऊ गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नस. बाहेर चहूबाजूंनी कठीण भिंत. बोटाला सूज आली तर बोट फुगतं. दाताच्या आत सूज आली तर फुगायला जागाच नसते, दाब थेट नसेवर येतो. दिवसा आपण उभे-बसलेले असतो. आडवे झालो की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कळ येते. ‘ठणका’ हा मराठी शब्द किती नेमका आहे बघा, त्यात तो ठोका ऐकू येतो. शिवाय दिवसभराचा गलका थांबलेला असतो, मन गुंतवायला काही नसतं. म्हणून सगळ्यात जुना आणि फुकटचा उपाय कोणता, तर डोकं वर ठेवून झोपणं. दोन उशा घ्या, भिंतीला टेकून बसा.

पण हा फुकटचा उपाय गिरणगावात फुकट नव्हता. 1921-22 च्या सुमारास मुंबईच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. त्यात दिसलं, की शंभरातली सत्त्याण्णव कामगार कुटुंबं एका खोलीत राहत होती. एका खोलीत सहा ते नऊ माणसं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. त्याच दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे 207 चाळी बांधल्या, त्याच आपल्या बीडीडी चाळी. त्यातली खोली 160 चौरस फूट. मोरी, चूल, ट्रंका, धान्याचे डबे यांची जागा वजा करा, आणि मग त्यात दोन उशांवर डोकं उंच करून पाय पसरणारा माणूस बसवून दाखवा.

झोप ही त्या खोलीत वाटून घ्यायची वस्तू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतली परळच्या चाळीतली हकिकत तुम्हाला माहीत असेल. एकच खोली, त्यामुळे भीमराव लवकर झोपायचे, वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती जागेच्या हिशेबाचीही गोष्ट आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांमध्ये रातपाळ्या वाढल्या, तेव्हा कित्येक खोल्यांत एकाच पथारीवर पाळीपाळीने माणसं झोपू लागली. अशा खोलीत दाढ ठणकणारा माणूस कण्हला, की एकट्याची नाही, आठ जणांची झोप जाते. मग तो उठून बाहेर गॅलरीत यायचा. कठड्याला टेकून उकिडवा बसायचा. तिथेही कोणीतरी झोपलेलं असायचंच. ज्यांचं बालपण चाळीत गेलंय त्यांनी गालाला पंचा बांधून गॅलरीत बसलेला माणूस नक्की पाहिलेला आहे.

आता सकाळ. पहाटे भोंगा व्हायचा, आणि जो दारात पोचला नाही त्याचा खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण गिरणीच्या फाटकाबाहेर बदली कामगार रोज उभे असत आणि त्यांच्यातून माणूस निवडणं जॉबरच्या हातात होतं. 1935 पासून बदलीची कार्डं देऊन त्या कारभाराला थोडी शिस्त लावली गेली, तरी रिकामं साचं दुसऱ्याच्या हाती जायचंच. आणि स्वतः बदली असलेल्या माणसाचं काय? तो दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याला कोण ओळखणार?

हे लक्षात घेतलं की तेव्हाचे उपाय समजायला लागतात. आपण आज विचारतो, या उपायाने दात बरा होतो का? त्या माणसाचा प्रश्न तो नव्हताच. त्याचा प्रश्न होता, की आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, पहाटेपर्यंत चार तास डोळा लागेल का? दाताचं काय ते सुटीच्या दिवशी बघू. आणि सुटीच्या दिवशी गावाकडचं माणूस यायचं, नाहीतर भजनाची बारी असायची. ते राहून जायचं.

उपायांत पहिला मान लवंगेला. डब्यात असायचीच. दाढेखाली धरायची, हळूहळू चावायची, जिभेला बधिरपणा आला की समजायचं लागू पडली. हे काही भाबडेपण नव्हे. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, ते नस बधिर करतं आणि जंतूही मारतं. दंतवैद्याच्या खोलीत शिरल्यावर जो विशिष्ट वास येतो, तो बराचसा याचाच. झिंक ऑक्साइडमध्ये लवंगेचं तेल कालवून केलेला लगदा तात्पुरतं भरण म्हणून आजही वापरतात. म्हणजे आजीचा डबा आणि डॉक्टरची बाटली यांत अंतर फार नाही.

पण ही लवंग लालबागच्या डब्यात आली कुठून? मुळात ती इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरची. एकोणिसाव्या शतकात झांझिबार आणि पेंबा या पूर्व आफ्रिकेजवळच्या बेटांवर ओमानी सुलतानांच्या राजवटीत लवंगेचे प्रचंड मळे उभे राहिले, गुलामांच्या श्रमांवर. तिथली गुलामगिरी कायद्याने गेली ती 1897 मध्ये. त्या व्यापारात कच्छी-भाटिया पेढ्यांचा मोठा हात होता आणि माल उतरायचा मुंबई बंदरात. मांडवीच्या मसाला बाजारातून तो पुडीपुडीने सगळीकडे जायचा.

याच लवंगेवरून मुंबईत एक राजकीय लढा झाला, तो आज फारसा कोणाला आठवत नाही. 1934 पासून झांझिबारच्या वसाहती सरकारने फर्मानं काढून लवंगेची खरेदी एका सरकारपुरस्कृत संघाच्या ताब्यात द्यायला सुरुवात केली, 1937 मध्ये तो फास आणखी आवळला. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय आला. काँग्रेसने झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला. मुंबई हे गिऱ्हाइकाचं मोठं बंदर, त्यामुळे इथला बहिष्कार झोंबला, सरदार पटेलांनी त्यात जातीने लक्ष घातलं, आणि 1938 मध्ये तडजोड झाली. आम्हाला या प्रकरणात नेहमी एका गोष्टीची गंमत वाटते. परदेशी कापडाच्या होळ्या आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. पण कापडाशिवाय एखादी रात्र निघते हो. (हशा) दाढेखालची लवंग देशासाठी सोडायची, हा वेगळाच त्याग झाला.

आता कोकणातून आलेलं ज्ञान. परळ-लालबागला रत्नागिरीची माणसं जास्त, घाटावरची, साताऱ्याकडचीही पुष्कळ. त्यांच्याबरोबर गावचं औषधही आलं. अक्कलकाढ्याची मुळी चावली की तोंडाला पाणी सुटतं आणि जीभ चुरचुरून बधिर होते. पेरूच्या पाल्याच्या काढ्याच्या गुळण्या, मिठाच्या नाहीतर तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. हिंगाचा खडा कापसात धरून दाढेच्या खड्ड्यात बसवणं. काही जण रुईचा चीक घालत. तो मात्र घालू नका, तोंड भाजतं.

आणि रिंगणीची धुरी. काटेरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकायचं, त्याचा धूर नळीने तोंडात घ्यायचा, तोंड वाडग्यातल्या पाण्यावर धरायचं. थोड्या वेळाने पाण्यात बारीक पांढुरके किडे दिसले, की दाढेतली कीड पडली! रिंगणीच्या या धुरीची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी औषधग्रंथांतही सापडते. त्या काळी मुंबईत सरकारी औषधभांडाराचे अधिकारी असलेले विल्यम डायमॉक हे गृहस्थ इथल्या बाजारातली झाडपाल्याची औषधं गोळा करून त्यांवर ग्रंथ लिहीत होते. पाश्चात्त्य वैद्यकाला आपल्या मुळ्या-साली किती बारकाईने तपासाव्याशा वाटत होत्या, हे त्यांच्या ग्रंथांवरून दिसतं.

पण मग ती कीड? दातात कीड असते ही कल्पना एकट्या कोकणाची नाही. सुश्रुतसंहितेत कृमिदंतक आहे, मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटांवर दातातल्या किड्याचा मंत्र आहे, आणि इंग्लंडमध्ये हेनबेन नावाच्या वनस्पतीचं बी जाळून हाच प्रयोग करत. हेनबेन आणि रिंगणी एकाच कुळातल्या. उष्णतेने बी फुटतं, आतला कोंब बाहेर पडतो, तो वळलेला, पांढरा, हुबेहूब अळीसारखा. पाण्यात पडतो तो हा. गावोगाव फिरणाऱ्या वैदू स्त्रिया तुंबडी लावायच्या, दाताची कीड काढायच्या. त्यांना भोंदू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. जी कल्पना अर्धं जग तीन हजार वर्षं खरी मानत होतं, ती त्याही मानत होत्या. दाताचा क्षय तोंडातल्या जंतूंनी केलेल्या आम्लामुळे होतो, हे विलोबी मिलर यांनी नीट मांडलं ते 1890 मध्ये. आपण आजही ‘दाताला कीड लागली’ असंच म्हणतो ना?

इथे थोडं थांबू, कारण आमच्या मते आजच्या विषयातली कळीची गोष्ट इथे आहे. हे सगळे उपाय लोकांना लागू पडलेले दिसत. का? दाढेचा ठणका दोन-चार रात्री चालतो, पराकोटीला जातो, आणि एखाद्या रात्री एकदम थांबतो. थांबतो कारण आतली नस मेलेली असते. दाढ बरी झालेली नसते, तिने फक्त ओरडणं बंद केलेलं असतं. संसर्ग मुळातून खाली हाडाकडे चाललेला असतो. पण माणसाच्या दृष्टीने काय झालं? पहिल्या रात्री लवंग, दुसऱ्या रात्री हिंग, तिसऱ्या रात्री धुरी, आणि चौथ्या रात्री ज्याने जे दिलं त्याचा गुण आला! त्या चौथ्या रात्रीच्या उपायाची कीर्ती मग मजल्यामजल्यावर पोचायची. महिन्या-दोन महिन्यांनी गाल सुजायचा, तेव्हा ते वेगळं दुखणं मानलं जायचं.

चौथ्या रात्री जे हाताशी यायचं, ते नेहमीच निरुपद्रवी नसायचं. अफूची कणी दातात धरणं हा जगभरचा जुना उपाय. मुंबई तर माळव्याच्या अफूचं बंदर होतं. कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळगोळी देत, मूल झोपून राहावं म्हणून. ज्या घरात मुलाची झोप अशी विकत घ्यावी लागे, तिथे मोठ्या माणसाच्या दाढेला कणीभर लावण्याचं कोणाला काय वाटणार? मग दारूची चूळ. ती अर्धी तोंडात धरायची आणि अर्धी गिळायची, हे प्रमाण ज्याचं त्याने ठरवावं. (हशा) दारूबंदी आल्यावर ही चूळही गुन्हा झाली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले, आणि 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेल्या औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंवरचा निर्बंध रद्द केला. ते काही दाढेसाठी गेले नव्हते, पण टिंक्चरच्या बाटलीचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला खरा.

बाम तर होताच. अमृतांजन हे मद्रासचं, असं आपण समजतो. ते 1893 मध्ये मुंबईतच सुरू झालं, काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी केलं, आणि मद्रासला गेलं ते 1914 मध्ये. गालाला बाहेरून चोळलं की कातडी चुणचुणते, लक्ष तिकडे जातं. दाढेला ते काही करत नाही, पण झोप लागायला तेवढं फसवणंही कधी पुरतं.

आता तंबाखू. इथे जरा जास्त वेळ घेणार आहोत.

मशेरी सगळ्यांना माहीत आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची, बोटाने दातांना लावायची. दुपारी चाळीच्या जिन्यात तो खवखवणारा वास भरलेला असायचा. ही मशेरी बायकांच्या हाती कशी आली, असं आम्ही जुन्या बायकांना विचारत आलोय. उत्तर बहुतेकदा एकच मिळतं, दाढ दुखत होती, शेजारणीने नाहीतर सासूने चिमूटभर दिली. दिलेली असायची मायेनेच. निकोटीनने कळ थोडी बोथट व्हायची, डोळा लागायचा. मग ती सकाळीही लागायची, मग मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं व्हायचं, मग दिवसातून चार वेळा. दाढ केव्हाच पडून गेलेली, मशेरी राहिलेली.

हे केवळ ऐकीव नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागातर्फे डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून जास्त गावकऱ्यांची तोंडं तपासली, त्याचा अहवाल 1972 मध्ये आला. आणि आपल्या स्वतःच्या भागाबद्दल हवं असेल, तर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या चमूने मुंबई शहरात, म्हणजे उपनगरं सोडून या बेटावर, मतदारयाद्या घेऊन घरोघर पाहणी केली. पस्तिशीच्या पुढची 99,598 माणसं. त्यातल्या पुरुषांत तंबाखूचं प्रमाण 69.3 टक्के, आणि स्त्रियांत 57.5 टक्के. या स्त्रिया विडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. त्यांची तंबाखू जवळजवळ सगळी तोंडात लावायची किंवा चघळायची, आणि त्यात मशेरी मोठी. निम्म्याहून जास्त बायका! परळमध्येच 1941 पासून टाटा मेमोरियल रुग्णालय उभं आहे. तिथल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रांगेत ज्या मावश्या बसलेल्या आपण पाहतो, त्यांतल्या कित्येकींची वाट एका ठणकणाऱ्या रात्रीपासून सुरू झालेली असणार, असं मानायला भरपूर जागा आहे.

मशेरीला पर्यायही याच वस्तीत होते, हे सांगायला हवं. मुंबईच्या नोगी कंपनीचं माकडछाप काळं दंतमंजन घराघरांत होतं. 1952 मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी परळमध्येच विको सुरू केली आणि वनस्पतींचं दंतमंजन दारोदार नेऊन विकलं. पण मंजनाने कळ थांबत नाही. रात्रीच्या स्पर्धेत तंबाखू जिंकायची.

मग डॉक्टर? देशातलं पहिलं दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्याला काढलं. मुंबईत नायर रुग्णालयात 1933 मध्ये सुरू झालं. के.ई.एम. 1926 पासून परळला होतंच. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं फुटपाथवर पकड घेऊन बसणारे, उपटलेल्या दातांचा ढीग मांडणारे दातवाले होते, आणि चिनी दंतवैद्य होते. चिनी अक्षरांच्या पाट्या अनेकांना आठवत असतील. 1948 च्या डेंटिस्ट्स कायद्याने नोंदणी आली. त्यात पदवी नसलेल्या पण आधीपासून धंदा करणाऱ्यांसाठी वेगळी ‘ब’ यादी केली, म्हणजे सरकारलाही कळत होतं, की या माणसांना एकदम उठवलं तर लोक जाणार कुठे. तरीही लोक जात नसत. एक तर ‘वरची दाढ काढली की डोळे जातात’ ही भीती, जिला काडीचा आधार नाही. पण मोठं कारण ती सकाळच होती. रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग उघडतो दिवसा, आणि दिवसा पाळी असते. फी नव्हे, खाडा महाग पडायचा. रात्री उघडी असायची ती कोपऱ्यावरची पानपट्टी. तिथे अ‍ॅनासिनची सुटी गोळी मिळायची, आणि तंबाखूही.

शेवटी, चिठ्ठ्यांमधून चार जणांनी एकच विचारलंय, की आज रात्री दुखली तर करायचं काय? आम्ही डॉक्टर नाही, पण दंतवैद्य मित्रांना विचारून आलो आहोत. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा, दातांत अडकलेलं दोऱ्याने हलकेच काढा. डोकं उंच ठेवून झोपा, आता तरी घरात दुसरी उशी आहे. बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. आपण शेकायला धावतो, पण सुजेवर शेक दिला तर सूज वाढू शकते. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, फक्त दाढेवर, हिरडीवर ओतायचं नाही. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलसारखी गोळी पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत घ्यायची. आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल, तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. अ‍ॅस्पिरिन हिरडीला लावून ठेवू नका, तिथे जखम होते. गालाची सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे चालली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास वाटला, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक के.ई.एम. किंवा नायरचा अपघात विभाग गाठायचा, रात्री दोन वाजले असले तरी.

आणि ठणका पहाटे आपोआप थांबला, तर त्याच दिवशी केसपेपर काढायला जा. का, ते मघाशी सांगितलंच आहे.